झाडाखालचा चोथा कुणाचा?

पावसाळा सुरू झाला, की दादरच्या हिंदू कॉलनीपासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या टपावर सकाळी जांभळट डाग, कुरतडलेल्या बिया आणि चोथ्याच्या गोळ्या. त्यातच केरळातून निपाह विषाणूची बातमी आली, की तक्रारीला भीतीची जोड मिळते आणि ‘झाडच छाटून टाका’ असा ठराव सोसायटीच्या सभेत येतो. गंमत अशी, की त्या झाडाला बऱ्याचदा फळं नसतातच.

हा चोथा बहुतेक वेळा आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळाचा, म्हणजे सायनोप्टेरस स्फिंक्सचा असतो. वजन जेमतेम पन्नास ग्रॅम, डोळे मोठे, कानांना फिकट कड. फळांनी लगडलेल्या झाडावर बसून जेवायला ते सहसा थांबत नाही, कारण तिथं घुबडंही टपलेली असतात. खोट्या अशोकाचं पिकलं फळ तोंडात धरून ते दुसऱ्या झाडावर जातं, उलटं लटकतं आणि गराचा लचका टाळूवरच्या आडव्या कंगोऱ्यांवर जिभेनं दाबतं. उसाच्या चरकासारखा रस एकीकडे, चिपाड दुसरीकडे. वड, पिंपळ, उंबराच्या बारीक बिया मात्र रसाबरोबर पोटात जातात आणि तासाभराच्या आत, पुष्कळदा उडता उडताच, बाहेर पडतात. लालबाग-परळच्या चाळींच्या सज्ज्यांतून जे पिंपळ डोकं वर काढतात, त्यांची पेरणी पक्ष्यांनी केलेली असते, तशी वटवाघळांनीही.

या छोट्या जिवाच्या खाण्यापिण्याची नीट नोंद महाराष्ट्रातच झाली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले एच. आर. भट यांनी पुण्यातल्या सायनोप्टेरसच्या आहारावर १९९४ मध्ये शोधनिबंध लिहिला. पुढच्याच वर्षी बोस्टन विद्यापीठाच्या थॉमस कुंझ यांच्याबरोबर त्यांनी याहून नवलाची गोष्ट मांडली. भेरली माडाच्या फुलोऱ्याचे लांबलचक झुबके मुंबईकरांनीही आवारात पाहिलेले असतात. त्या झुबक्यात मधोमध असलेल्या लडी हे वटवाघूळ दातांनी कापून काढतं. बाहेरच्या लडी तशाच राहतात आणि आत खालून उघडी, घंटेच्या आकाराची पोकळी तयार होते. अशा खोलीत एक नर आणि त्याच्याभोवती माद्यांचा गोतावळा दिवसभर राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो फक्त माडाचा झुबका. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे झुबका तुटल्यानं झालेलं नुकसान लवकर भरून येत नाही. म्हणून वृक्ष प्राधिकरणानं छाटणीची परवानगी देण्यापूर्वी माणूस पाठवून हे झुबके खालून बघायलाच हवेत.

याच सायनोप्टेरसच्या नावामुळे फोर्टातल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एक रत्न चोवीस वर्षं दडून राहिलं. १९४८ मध्ये अँगस हटन या हौशी निसर्गअभ्यासकानं तामिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरांत एक वटवाघूळ पकडलं. नमुना मुंबईला आला आणि ‘सायनोप्टेरस स्फिंक्स’ म्हणून नोंदला गेला. किट्टी थाँगलाँग्या या थाई प्राणिशास्त्रज्ञाला मात्र त्यात काही वेगळंच दिसलं. शेपटीचा पत्ता नव्हता आणि पुढच्या दातांची वर एक, खाली एक अशी एकेकच जोडी होती. ही नुसती नवी जात नव्हती, ही प्रजातीच नवी होती. १९७२ मध्ये त्यांनी तिचं नाव ठेवलं लॅटिडेन्स सलीमअली.

सलीम अलींचं नाव योग्यच आहे. पण हटन आणि थाँगलाँग्या यांची नावंही त्याच दमात घेतली गेली पाहिजेत. थाँगलाँग्या १९७४ मध्ये गेले. थायलंडमधलं दोन ग्रॅमचं, जगातलं सर्वांत चिमुकलं वटवाघूळ आज त्यांचं नाव मिरवतं.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत, भारतात सव्वाशेच्या वर. अंटार्क्टिका सोडून ती सगळ्या खंडांवर आहेत. रक्त पिणाऱ्या जाती अवघ्या तीन, त्याही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच. मुंबईत सर्वांत नजरेत भरतं ते थोरलं वटवाघूळ, पंख पसरले तर चार फुटांच्या आसपास. दिवसा उंच झाडांवर मेळ्यानं लटकायचं आणि रात्री जांभूळ, बदाम, उंबर शोधत दूरवर जायचं, हा त्याचा क्रम. राणीच्या बागेत गोरखचिंच आहे. तिचं पांढरं लोंबतं फूल अंधार पडताना उमलतं, ते अशाच रात्रीच्या पाहुण्यांसाठी. परागीभवन करतात ती फळखाऊ वटवाघळंच. दिव्यांभोवती भिरभिरणारी पाकोळी मात्र वेगळ्या घराण्यातली. वजन पाच-सहा ग्रॅम, आहार पतंग, भुंगेरे, वाळवीचे पंखवाले किडे आणि डास. जुनी देवळं-लेणी धरून राहणारं मेगाडर्मा लायरा तर बेडूक, उंदीर, पालीही मारून खातं.

‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं’ हे वाक्य समाजमाध्यमांवर सतत फिरतं. त्याचं मूळ डोनाल्ड ग्रिफिन आणि सहकाऱ्यांच्या १९६० च्या प्रयोगात आहे. बंद खोलीत डास आणि फळमाश्या सोडून त्यांनी पकडीचा वेग मोजला होता. मोकळ्या आकाशात एका मोठ्या पतंगात कित्येक डासांएवढं अन्न मिळतं, म्हणून तो आकडा रस्त्यावर लागू पडत नाही. वटवाघळांची बाजू घ्यायला फुगवलेले आकडे लागत नाहीत.

भीतीलाही तोच नियम. विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये नमुने घेतले आणि त्यांतल्या काही वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. म्हणजे त्यांचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता. यावर उपाय साधे आहेत: उष्टं फळ खायचं नाही, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही. थव्याला हुसकावलं तर वटवाघळं नव्या जागी जातात आणि माणसाशी संपर्क उलट वाढू शकतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फळखाऊ वटवाघळांना पाचव्या परिशिष्टात, कावळे-उंदरांच्या पंगतीत, ‘उपद्रवी’ म्हणून बसवलं. सलीम अलींच्या नावाचं वटवाघूळही फळखाऊच, पण त्याला पुढे जागा मिळाली पहिल्या परिशिष्टात, सर्वाधिक संरक्षणासह. एकाच कुळातल्या दोघांना असा दुजाभाव चालला. २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची ती यादी कायद्यातून वगळण्यात आली.