लांबून फोटो काढायची लेन्स : कर्ज देण्याआधी काय बघायचं?



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आपले प्रश्न ठरलेले असतात. म्हैस असेल तर वेत कितवं, दूध किती. शिलाई मशीन असेल तर गिऱ्हाईक कुठलं. पण आमच्या खेड तालुक्यातल्या एका गटात एका ताईंनी लेकीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं ते कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी. ‘दीडशे-सहाशे’ची लेन्स हवी, असं मुलीचं म्हणणं. दीडशे काय आणि सहाशे काय, बैठकीत कोणालाच ठाऊक नव्हतं. किंमत मात्र कळली, साधारण एका चांगल्या दुभत्या म्हशीएवढी. मुलगी पदवीधर आहे, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना जगबुडीच्या काठाने पक्षी आणि मगरी दाखवते. जुना डीएसएलआर कॅमेरा तिच्याकडे आहे, पण त्यावरची लेन्स घरच्या समारंभापुरती.

नाही म्हणणं सोपं होतं. आम्ही विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि चार जाणत्यांना विचारून, एक लेन्स भाड्याने आणून, स्वतः डोळा लावून पाहिली. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. तुमच्याही गटात अशी मागणी येईल. कोकणात पर्यटन वाढतंय आणि मुली नुसती भाकरी-भाजी करून देण्यापलीकडची कामं शोधतायत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. लांब पल्ल्याची लेन्स असते ती आपण लांब राहावं म्हणून. आपल्या जगबुडीत मगरी आहेत हे कोणाला सांगायला नको. थंडीच्या दिवसांत ऊन चढलं की काठाच्या चिखलावर, बेटांवर त्या पडलेल्या दिसतात. पाहुणे मोबाइल घेऊन ‘अजून थोडं पुढे’ करत जातात. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात शंभर मीटरवरची मगर ओंडक्यासारखी दिसते, म्हणून माणूस पाय पुढे टाकतो. मगर सुस्त दिसते, पण पाण्याच्या कडेला तिची झेप डोळ्याला दिसेपर्यंत झालेली असते. जवळ गेलं की एरवी ती पाण्यात सरकते, म्हणजे फोटोही जातो आणि तिचं ऊन खाणंही मोडतं. उन्हाळ्यात अंड्यांवर राखण असेल तर ती सरकतही नाही. म्हणून लेन्स निवडताना पहिला प्रश्न असा : किती अंतरावर उभं राहणार?

याचा हिशेब साडीवर करता येतो. मोठ्या सेन्सरच्या, ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर १०० मीटरवर सहा मीटर रुंदीचा देखावा फोटोत मावतो. सहावारी साडी उलगडून धरली की जेवढी होते त्याहून थोडा जास्त. त्यात तीन मीटरची मगर बसवा, अर्धा फोटो भरतो. ३०० ची लेन्स असेल तर देखावा दुप्पट, बारा मीटर, आणि मगर पाव भागात. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात त्याच अंतरावर जवळजवळ पंचवीस सहावारी साड्या एकीला एक जोडून मावतील. आता कळलं ना मगर ओंडका का होते! मोबाइलवर दोन बोटांनी मोठं केलं तर आतले ठिपकेच फक्त मोठे होतात, नवीन काही दिसत नाही.

आणखी एक बारकावा. मुलीकडे आहे तसे बरेच कॅमेरे लहान सेन्सरचे असतात. त्यात देखावा कडेने कापला जातो, निकॉन-सोनीत दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट. त्यामुळे ४०० ची लेन्स त्यांच्यावर ६०० सारखं काम करते. आधी कॅमेरा कुठला ते बघा, मग मिलिमीटरच्या मागे लागा. दुकानदार मोठा आकडाच पुढे करतो.

पक्ष्यांचा हिशेब मगरीपेक्षा कडक. आपला नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या वीतभरापेक्षा थोडा मोठा. ६०० च्या लेन्सनेही तो वीस मीटरवर असेल तरच फोटोचा पाव भाग व्यापतो. ऐंशी मीटरवर निळा ठिपका. म्हणजे लहान पक्ष्यासाठी लेन्सच्या जोडीला झाडाआड गप्प बसायची सवय लागते, आणि ती कर्जाने मिळत नाही.

आता उजेड. लेन्सवर मिलिमीटरच्या शेजारी ‘एफ’चा आकडा असतो. ती लेन्सची खिडकी समजा. गंमत अशी की आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. एफ ५.६ मधून एफ ८ पेक्षा दुप्पट उजेड येतो. नदीवर उघड्या उन्हात एफ ८ चालून जातं. रघुवीर घाटाच्या बाजूला, दाट झाडीत धनेश किंवा शेकरू टिपायचं असेल तर तेच एफ ८ रडवतं. कारण लेन्स लांब असली की हात थोडा हलला तरी फोटो फाटतो. म्हणून ६०० वर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागात फोटो व्हायला हवा, उडत्या पक्ष्याला तर दोन हजाराव्या भागात. तेवढ्यात पुरेसा उजेड आत यायचा तर खिडकी मोठी लागते. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारी सोय असते, ती घ्याच. पण ती आपला हात सावरते, उडणारा पक्षी थांबवत नाही.

मग बाजारात काय मिळतं? सिग्मा आणि टॅमरॉन या दोन कंपन्यांच्या १५०-६०० लेन्स अशा कामात नेहमी दिसतात. दोन्ही सुमारे दोन किलोच्या, शेवटच्या टोकाला एफ ६.३. निकॉनची २००-५०० एफ ५.६ ची, २०१५ साली आली, उजेडाला बरी पण सव्वादोन किलोच्या पुढे. सोनीची २००-६०० आणि निकॉनची नवी १८०-६०० मिररलेस कॅमेऱ्यांसाठी, आणि महाग. कॅननच्या मिररलेससाठी १००-४०० ची एक हलकी लेन्स आहे, साडेसहाशे ग्रॅमच्या आतली. खिडकी टोकाला एफ ८, पण दिवसभर गळ्यात राहते आणि हातभर अंतरावरचं फुलपाखरूही टिपते. आमचं मत विचाराल तर नदीवर आणि शेतात फिरणाऱ्या मुलीसाठी ही हलकी लेन्स पुष्कळ. एक मात्र, कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. एका कंपनीच्या कुकरचं झाकण दुसऱ्याला बसवायला जाल तसं होईल.

ज्यांच्याकडे कॅमेराच नाही, त्यांच्यासाठी लेन्स जोडूनच येणारा कॅमेरा असतो, निकॉनच्या पी ९५० किंवा पी १००० सारखा. दूरवरची मगर भर उन्हात छान येते. सेन्सर नखाएवढा असल्यामुळे संध्याकाळी आणि रानात दाणेदार चित्र येतं, उडता पक्षीही निसटतो. पण पाहुण्यांना पडद्यावर ‘ती बघा’ म्हणून दाखवायला उत्तम.

आणि नुसतं दाखवायचंच असेल तर दुर्बीण घ्या! वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्यांचा धंदा उभा राहिला तो होडीवर आणि खाडीच्या माहितीवर. वेळासला समुद्री कासवांची पिल्लं बघायला गर्दी होते, तिथेही लांब लेन्सचं काम नाही, पिल्लं समोरच असतात, फक्त फ्लॅश मारायचा नाही. प्रत्येक कामाला ६०० लागत नाही.

वजनाचं काय सांगता, आम्ही हंडे उचलतो, असं एक काकू म्हणाल्या. भाड्याची लेन्स त्यांच्या हातात दिली. डोक्यावरचा हंडा मानेवर तोलला जातो, ही मात्र पुढे हात करून धरायची. दहा मिनिटांत काकूंनी कोपर पोटाशी टेकवलं, आणि नेमकी तीच पद्धत बरोबर आहे. होडीत एकपायी स्टँड लावू नका, इंजिनाची थरथर त्यातून सरळ लेन्समध्ये चढते. हातात धरा, नाहीतर जाड कापडाची पिशवी शिवून, त्यात तांदूळ भरून काठावर ठेवा आणि वर लेन्स टेका. उन्हाळ्यात दहानंतर पाण्यावरची हवा तव्यावरच्या वाफेसारखी थरथरते. तेव्हा दोन लाखांची लेन्सही लांबचा फोटो पुसटच काढणार, यंत्र बिघडलं म्हणून दुकानात धावू नका.

कोकणात खरा शत्रू दमट हवा. लेन्सच्या आतल्या काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकदा आत गेली की काढणं खर्चाचं. पापडासारखी जपा : रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की पुन्हा सुकवायच्या. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते. पावसाळ्यातही आठवड्याला एकदा बाहेर काढून वापरा. खाडीवरून आलं की किंचित ओल्या मऊ फडक्याने बाहेरचं मीठ पुसून मगच आत ठेवा. झूम करताना नळीसारख्या लांब होणाऱ्या लेन्स हवेबरोबर ओल आणि धूळ आत ओढतात. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० लांब होत नाहीत, महाग असण्याचं एक कारण तेही.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलची टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने आत बघा. जाळं दिसलं तर कितीही स्वस्त असो, सोडा. बिल मागा, बिलावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. नवी असेल तर वॉरंटी भारतातली आहे ना ते विचारा. आणि चिखलात ठेवून झूम फिरवा, असं नाही म्हणत, पण टेबलावर ठेवून जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत चार वेळा फिरवा, कुठे अडकतं का बघा.

आमच्या बैठकीचा निर्णय मात्र वेगळ्याच गोष्टीने झाला. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर तो किती मिलिमीटरवर काढला हे लिहून ठेवतो. दोन दिवस भाड्याच्या १५०-६०० ने मुलीने काढलेले फोटो आम्ही लॅपटॉपवर एकेक उघडले. खंड्याचे आणि मगरीचे चांगले फोटो बहुतेक पाचशेच्या पुढचे होते. चारशेपर्यंतचे निघाले असते तर स्वस्त आणि हलकी सुचवली असती. तिचं काम पहाटेचं, पाचशेच्या पुढचं, म्हणून १५०-६०० ची वापरलेली लेन्स घ्यायचं ठरलं.

ठरावात लिहिलं ते असं : लेन्स मुलीच्या आईच्या नावावर, बिलाची प्रत गटाच्या फाइलमध्ये. पर्यटक ऑक्टोबर ते मे येतात, म्हणून मुद्दलाचा हप्ता त्याच महिन्यांत, पावसाळ्यात फक्त व्याज. पाहुण्यांना मगरीजवळ नेणार नाही, खाणं टाकून तिला बोलावणार नाही. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जखमी दिसली किंवा वस्तीत आली तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा, फोटो नंतर. सह्या तेरा झाल्या. दोघी घरी बाळंतपण असल्यामुळे आल्या नव्हत्या.

तांदळाच्या पिशवीसाठी जुन्या जीनचा पाय उत्तम. वीतभर रुंद, दीड वीत लांब कापा, तळाला दुहेरी टीप घाला, तोंडाला चेन लावा आणि तीन भागच भरा. पूर्ण भरली तर लेन्स वरून घसरते.