नवी ग्रिप घट्ट कशी बसवाल?

मोटारसायकलची ग्रिप बदलणे हे किरकोळ काम समजले जाते. पण खड्ड्यात ग्रिप हातात फिरली, तर गाडीवाल्याचा तोल जातो आणि बोल गॅरेजवाल्याला लागतो.

दोन्ही ग्रिप सारख्या नसतात. डावी थेट हँडलच्या पाइपवर बसते. तो बहुतेक गाड्यांत सुमारे २२ मि.मी. जाड असतो. उजवी रेसच्या प्लॅस्टिक नळीवर बसते, म्हणून तिचे भोक मोठे असते. जोडी घेतानाच हे पाहावे.

जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरून काढावी. नळीला चीर पडू देऊ नये. पाइपवरचा गंज पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावा. ग्रिप चढत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. ते सुकत नाही आणि ग्रिप कायम सरकत राहते. ग्रिपचा गोंद पातळ लावून, ग्रिप फिरवत एका दमात ढकलावी व रात्रभर सुकू द्यावी.

उजवीकडे गोंद नळीच्या आत जाऊ नये, ग्रिप स्विचला घासू नये. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून रेस सोडून पाहावी. ती आपोआप मागे आली, तरच गाडी ग्राहकाच्या हाती द्यावी.