नाकात झोंबणारी १२० पोती

एसटी स्टँडवरच्या मुतारीचा पत्ता विचारावा लागत नाही. आधी नाक सांगतं, मग डोळे. पण तो झणका मुताचा नसतो. ताज्या मुताला फारसा वास नसतोच. त्यातला युरिया फरशीवर पडतो, तिथल्या जंतूंकडचं युरिएज नावाचं विकर त्याला फोडतं आणि अमोनिया सुटतो. शेतकऱ्याला हे रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक आहे. ओलीवर युरिया नुसता फेकला आणि मातीआड केला नाही, तर खताचा बराच भाग पिकाऐवजी वाऱ्याला जातो.

डुकरांच्या शेडमध्ये हेच रात्रंदिवस चालू असतं. मांसासाठी वाढवलेल्या डुकराच्या एका जागेमागे जुन्या पद्धतीच्या शेडमधून वर्षाला ३ किलो अमोनिया हवेत जातो, असं नेदरलँड्सच्या सरकारी कोष्टकात धरलेलं होतं. तिकडे हजार डुकरांची शेड म्हणजे काही मोठा पसारा नव्हे. तिचे ३ टन झाले. त्यातला नायट्रोजन आपल्या ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यांत मोजला, तर सुमारे १२० पोती भरतात. एका शेडमधून, दरवर्षी, छपरावरच्या पंख्यांवाटे.

नेदरलँड्समध्ये माणसं एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास आणि डुकरं कोटीच्या आसपास. देश लहान, त्यामुळे शेडपासून राखीव रान फार लांब नसतं. तिथली हीथ नावाच्या झुडपाची माळरानं आणि दलदली उपाशी जमिनीवर जगणाऱ्या वनस्पतींच्या आहेत. आकाशातून फुकटचं खत पडायला लागलं की गवत माजतं आणि हीथ मागे पडतो. जमीन आंबट होते, तिच्यातला चुना धुपून जातो. चुना गेला की गोगलगायींना शंख बनवता येत नाहीत. ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम याच गोगलगायींतून मिळवतो. डच जंगलांत त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होत असल्याचं १९९४मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. आंबट पावसात कारखान्यांचा गंधकही होता, सगळं पाप डुकरांच्या माथी नको. पण गंधक पुढे आटोक्यात आला, अमोनियाचं घोंगडं भिजत राहिलं.

२९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं राखीव रानांवर पडणाऱ्या नायट्रोजनाबाबतचा सरकारचा कार्यक्रम रद्द ठरवला. पुढे कधीतरी प्रदूषण घटेल या भरवशावर आज नव्या शेडसारख्या कामांना परवाने देता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. १ ऑक्टोबरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. २०२३च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. मुतारीच्या वासानं राजकारण ढवळून काढल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता मूळ मुद्दा. डुकराच्या मुतात युरिया असतो आणि विष्ठेत युरिएज. दोन्ही वेगळे राहिले तर अमोनिया अगदीच कमी. एकत्र आले की काही तासांत सुरुवात. म्हणजे हा वायू डुकराच्या पोटात नव्हे, फरशीवर जन्मतो. त्याला अडवायचं तर तिथेच, किंवा त्याच्याही आधी गव्हाणीत.

गव्हाणीपासूनच बघू. डुकरानं खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण तिसरा हिस्सा अंगी लागतो, जवळजवळ निम्मा मुतावाटे जातो. कारण लायसिन हे अमिनो आम्ल पुरेसं मिळावं म्हणून त्याला सोयापेंड भरपूर चारतात. त्याबरोबर बाकीची अमिनो आम्लं गरजेपेक्षा जास्त जातात, ती साठवता येत नाहीत, आणि यकृत त्यांचा युरिया करून बाहेर काढतं. पेंड कमी करून कारखान्यात बनवलेलं लायसिन चिमूटभर घातलं तर वाढ तेवढीच होते. खाद्यातलं प्रथिनांचं प्रमाण एका टक्केबिंदूनं उतरवलं की अमोनिया सुमारे १० टक्क्यांनी घटतो. यात ना यंत्र, ना परवाना.

मग फरशी. गोव्यातले जुने डुकरांचे संडास आठवून हसणाऱ्यांना पटणार नाही, पण जागा मिळाली तर डुक्कर झोपायची आणि घाण करायची जागा कटाक्षानं वेगळी ठेवतं. पिल्लंसुद्धा काही दिवसांतच कूस सोडून लांब जाऊन बसायला शिकतात. डुकराला संडासासाठी ओली, गार, वारा लागणारी जागा आवडते. म्हणून जाणता पालक झोपायची बाजू सलग काँक्रीटची आणि कोरडी ठेवतो, दुसऱ्या टोकाला फटींची फरशी घालतो आणि तिकडच्या भिंतीऐवजी गज लावतो, म्हणजे शेजारचं डुक्कर दिसतं आणि वारा लागतो. पण उन्हाळा आला की सगळं फिसकटतं. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. तापलं की ते गारव्यासाठी फटींवर जाऊन लोळतं आणि झोपायच्या जागी घाण करतं. पसरलेली ओल वाढली की अमोनियाही वाढला. अशा वेळी छपराखाली चार पाण्याचे फवारे लावणं हा प्रदूषण रोखण्याचाच उपाय ठरतो. काही शेडमध्ये फटींखाली उताराचा पट्टा असतो: मूत नालीला, विष्ठा वेगळी. उताराची जमीन आणि मागे नाली असलेला आपला जुना गोठा ज्यानं पाहिलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

डेन्मार्कनं तिसरा रस्ता काढला. फटींखालचा विष्ठा-मुताचा रबडा टाकीत ओढायचा, सल्फ्युरिक आम्ल घालून त्याचा सामू ५.५वर आणायचा आणि पुन्हा फटींखाली सोडायचा. इतक्या आंबट रबड्यात अमोनिया वायुरूपात राहूच शकत नाही, अमोनियम होऊन विरघळलेला राहतो. शेडमधला अमोनिया यानं निम्म्याहून जास्त घटतो. शिवाय हवा स्वच्छ झाल्यामुळे युरोपातल्या शेतांना गंधक कमी पडू लागला होता, तो या रबड्यातून आयता मिळतो. मात्र हे आम्ल डोळ्यात तेल घालून हाताळावं लागतं.

यापेक्षा सरकारांना आवडलं ते स्क्रबर नावाचं यंत्र. शेडमधली हवा बाहेर पडताना आम्लाच्या किंवा जंतू पोसलेल्या पाण्यानं धुवायची. कागदावर आकडा सुरेख: काही स्क्रबरांचा ८५ टक्के. त्या आकड्यावर परवाने मिळाले, डुकरं वाढली. २०१८मध्ये नेदरलँड्सच्या वाखेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी चालू शेडमध्ये जाऊन मोजलं तेव्हा या जातीच्या स्क्रबरांची सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास निघाली. शिवाय हा उपाय फक्त बाहेरच्या हवेचा. आतलं डुक्कर आणि आतला गडी तोच झणका घेत राहतात. धुराड्याला फडकं बांधण्याआधी चूल बघावी, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडे डुकरांच्या मोठ्या शेड मोजक्याच, पण कोंबड्यांच्या गावोगाव आहेत आणि ओल्या तुसातून सुटणारा अमोनिया तोच. शेड कुठलीही असो, पहाटे पडदे उघडायच्या आधी आत जा आणि खाली बसून जनावराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. तेव्हा स्वतःवर विसंबू नका, रोज आत वावरणाऱ्याचं नाक सरावलेलं असतं. सोबत शेजाऱ्याला न्या आणि त्याला विचारा.