गुच्ची कोणाच्या कुळातली?

लडाखच्या उंच कुरणांत बिळे खोदून राहणारा फिया, म्हणजेच हिमालयीन मार्मोट, हा खारीच्या कुळातला थोराड प्राणी. काश्मीर-हिमाचलच्या देवदारांखाली वसंतात उगवणारी गुच्ची ही अळंबी. अळंबी भाजीबाजारात मिळते, म्हणून आपण तिला वनस्पतींत ढकलतो. वंशावळ मात्र सांगते की गुच्चीचे जवळचे नाते देवदाराशी नसून फियाशी आहे. दोघांच्या राहणीतून हे सिद्ध होत नाही, हे आधीच सांगायला हवे. फिया उन्हाळ्यात चरबी साठवून जवळपास अर्धे वर्ष बिळात शीतनिद्रेत काढतो, आणि गुच्चीची बुरशीही जमिनीत स्निग्धांश साठवलेल्या घट्ट गाठी करून कठीण काळ निभावते. हे साम्य लोभस असले तरी पुरावा म्हणून कुचकामी आहे. जमिनीखाली साठा तर कंदवर्गीय वनस्पतीही करतात.

खरा पुरावा पेशींत सापडतो. देवदार उन्हावर स्वतःचे अन्न बनवतो आणि साखर पिष्टाच्या रूपात साठवतो. गुच्ची आणि फिया दोघेही आयत्या अन्नावर जगतात आणि साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. यावर कोणी म्हणेल, गुच्चीच्या पेशीला झाडासारखी भित्तिका आहे, ती जागची हलतही नाही. पण ती भित्तिका झाडासारखी सेल्युलोजच्या पायावर उभी नसते. तिच्यात कायटिन असते, खेकड्याच्या कवचात असते तेच. आणि कायट्रिड या प्राचीन बुरशीगटाचे बीजाणू मागच्या एकाच शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहतात, प्राण्यांच्या शुक्रपेशींसारखे. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये बुरशींना वनस्पतींपासून वेगळी सृष्टी दिली. 1993 मध्ये जनुकांच्या आणि प्रथिनांच्या तुलनेतून बुरशी व प्राणी एकाच शाखेवर असल्याचे दिसले.

दोघांचा समान पूर्वज सुमारे 1 अब्ज वर्षांपूर्वीचा, मग इतक्या लांबच्या नात्याला अर्थ काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राने 2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या साथीत पाहिले. तेव्हा तुटवडा पडलेले औषध अ‍ॅम्फोटेरिसिन बी बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला पकडते. आपल्या पेशींत त्याच्या जागी त्याच्याच घडणीचे कोलेस्टेरॉल असते. औषधाची थोडी पकड त्यावरही बसते, आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. जिवाणूंची पेशी आपल्याहून इतकी वेगळी आहे की त्यांच्यावर प्रतिजैविकांचे अनेक वर्ग तयार झाले. बुरशीविरोधी औषधांचे वर्ग मात्र अजून हाताच्या बोटांवर मोजता येतात.