बायपास झाला, आता लेणी चढता येतील का?



"सिस्टर, सगळी गल्ली कार्ल्याच्या लेण्यांना चाललीय. मी जाऊ का?"

विचारणाऱ्या मावशींचं वय 54. सात महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. मी काही बोलायच्या आत त्यांचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच समजवा तिला. साडेतीनशे पायऱ्या आहेत. वर काही झालं तर कोण बघणार?"

मुलाची काळजी खरी होती. पण मी बसले होते तिथून मोरी दिसत होती, मोरीत दोन हंडे काठोकाठ भरलेले. मी विचारलं, "पाणी कोण भरतं?" मावशी म्हणाल्या, "मीच की. पहाटे नळ येतो, पोरं झोपलेली असतात." "ऑपरेशननंतर कधीपासून?" "महिना झाला असेल तेव्हापासून."

मला लेण्यांपेक्षा त्या हंड्याची भीती जास्त वाटली. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. 12 लिटरचा हंडा भरला की भांड्यासकट 13-14 किलो होतो. छातीचं हाड जुळत होतं, तेव्हा या बाईने रोज तो उचलला आणि घरात कुणी अडवलं नाही. आता हाड जुळलंय, चालण्या-चढण्याने फायदाच होणार आहे, तर सगळे अडवायला उभे! आपल्या वस्तीत हे घराघरात दिसतं. म्हणून या वेळी पानावर हाच विषय घेतला.

पहिले तीन महिने हाडाचे

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून उघडतात आणि शेवटी तारेने बांधतात. बंद पडलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून नवी वाट करतात, त्यासाठी बहुतेक वेळा पायाची शीर किंवा छातीच्या आतली रक्तवाहिनी वापरतात. हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, पूर्ण मजबुती यायला 3 महिने.

पहिल्या सहा आठवड्यांत 2-3 किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. म्हणजे हंडा नाही, पाण्याची बादली नाही, नातवंडाला कडेवर घेणं नाही. गॅसचं भरलेलं सिलिंडर तर 30 किलोच्या आसपास असतं, त्याला हात लावायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं.

पण याचा अर्थ खाटेवर पडून राहणं असा नाही. चालणं पहिल्या आठवड्यापासूनच असतं. आधी पाच-पाच मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा, मग हळूहळू वाढवत सलग अर्ध्या तासापर्यंत. जो चालत नाही त्याचं वजन वाढतं, साखर वाढते आणि भीतीही वाढते. दोन वर्षं दारात खुर्ची टाकून बसलेले काका मी पाहिलेत. आणि रोज बुडतो म्हणून विसाव्या दिवशी हातगाडी ओढायला गेलेला भाऊही पाहिलाय. दोघांचंही चुकलं. एकाला भीतीने बसवलं, दुसऱ्याला पोटाने उठवलं.

चढण्याआधी स्वतःची परीक्षा

तीन महिने झाले, जखम भरली, रोज अर्धा तास न थांबता चालता येतं, तर पुढच्या गोष्टींचा विचार करता येतो. घरच्या घरी एक साधी परीक्षा आहे. नेहमीच्या चालीने दोन मजले न थांबता चढून बघा. छातीत दुखलं नाही, धाप लागून बसावं लागलं नाही, चक्कर आली नाही, तर पाया ठीक आहे.

ही परीक्षा म्हणजे परवानगी नव्हे. लेणी, गड, पोहणं, सायकल, यातलं काहीही सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा आणि काय करायचं आहे ते नाव घेऊन सांगा. "जरा फिरायला जाऊ का?" असं विचारलं तर "जा" एवढंच उत्तर मिळतं. "साडेतीनशे पायऱ्या चढायच्या आहेत" म्हटलं की डॉक्टर नीट बघतात. हृदयाचा पंप किती जोराने चालतो हे टूडी इको सांगते. श्रम वाढल्यावर हृदय कसं वागतं हे पट्ट्यावर चालवून पाहतात, त्या तपासणीला टीएमटी म्हणतात. कुणाला कोणती तपासणी हवी, ते डॉक्टर ठरवतील.

पंप अशक्त असेल, चालताना छातीत दुखत असेल, पायावर सूज येत असेल, तर आत्ता चढ नाही. लेह-लडाखसारख्या ठिकाणी डॉक्टरांना न विचारता मुळीच जाऊ नका. लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असते आणि नुसतं बसलं तरी हृदयाला जादा काम पडतं.

झडप बदललेल्यांसाठी

आपल्या वस्त्यांत तरुण वयात झडपेचं ऑपरेशन झालेले पुष्कळ आहेत. लहानपणी घसा दुखतो, त्यातून सांधे धरणारा ताप येतो आणि झडप खराब होते. धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची असते. अशा माणसाने चालावं, चढावं, पण कबड्डी, कुस्ती, दगडावरून उड्या, असं पडण्या-आपटण्याचं काही करू नये. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी लगेच दवाखाना. रक्ताची आयएनआर तपासणी चुकवू नका. तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून थांबवू नका.

मागे फिरणारा माणूस

रॅनल्फ फाइन्स नावाचे ब्रिटिश शोधप्रवासी आहेत. 2003 च्या जूनमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली. चारच महिन्यांनी ते सात दिवसांत सात मॅरेथॉन धावले. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्यांचा जन्म मोहिमांत गेला होता आणि सोबत धावणारा मित्र स्वतः डॉक्टर होता. त्यांची नक्कल करू नका.

घ्यायचं असेल तर पुढचं घ्या. 2005 मध्ये एव्हरेस्टवर शिखर जवळ आलं असताना छातीत दुखू लागलं आणि ते मागे फिरले. 2008 मध्ये थकव्यामुळे पुन्हा परतले. 2009 मध्ये, वयाच्या 65 व्या वर्षी, शिखरावर पोहोचले. दोनदा मागे फिरले, म्हणून तिसऱ्यांदा जायला जिवंत होते.

निघण्याच्या दिवशी

रोजच्या गोळ्या वेळेवर घ्या. प्रवास आहे म्हणून लघवीची गोळी मनाने टाळू नका, आधी डॉक्टरांना विचारा. भरपेट जेवून चढू नका. ऊन चढण्याआधी निघा. मिश्री, तंबाखू, विडी तर कायमची बंद. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर जाऊ नका, श्वासावर जा. चढताना सोबत्याशी बोलता येतंय तोवर चाल बरोबर आहे. वाक्य तुटायला लागलं की थांबा. श्वास रोखून जोर लावू नका.

छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती बसूनच ठेवा, उभ्याने घेतली तर चक्कर येते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर 108 ला फोन करा. आणि एकटं कधीच जाऊ नका.

मावशींनी डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या. मग दीड महिना त्या शेजारच्या चार मजली इमारतीचा जिना चढत होत्या, पहिल्या आठवड्यात एकच मजला. कार्ल्याला दर चाळीस-पन्नास पायऱ्यांवर बसल्या. पोरं पुढे पळाली, सून सोबत राहिली. वर पोहोचायला त्यांना तास लागला. चैत्यात खांबांच्या ओळीमधून चालत गेल्या, स्तूपासमोर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी घाबरून जवळ गेले. म्हणाल्या, "दम नाही लागला, सिस्टर. बसू द्या."

जायच्या आधी मी घरच्यांना एक अट घातली होती. पहाटेचा नळ आता मुलाचा.

तुमच्या घरात कुणाचं हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर उद्या पहाटे उठून बघा, हंडा कोण उचलतंय.