डोळा लागता लागता

दिवसभराच्या श्रमांनी थकलेला मनुष्य अंथरुणाला पाठ टेकतो. पापण्या जड होतात, शेजारचे बोलणे दुरून आल्यासारखे भासू लागते. आणि डोळा लागतो न लागतो तोच, जिन्याची पायरी चुकल्याप्रमाणे, त्याचा पाय झटक्यासरशी उडतो. तो दचकून जागा होतो; छाती धडधडत असते. बहुतेक श्रोत्यांना हा अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असेलच. कित्येकांना मात्र हा हृद्रोग तर नव्हे, अपस्माराचा आरंभ तर नव्हे, अशी शंका ग्रासते, आणि मग त्या धास्तीनेच झोप दूर पळते.

वास्तविक निद्रा ही दिवा मालवावा तशी एका क्षणात येत नाही. १९२४ साली जर्मनीतील हान्स बेर्गर याने मानवी मेंदूतील विद्युत्तरंग प्रथम टिपले, व पुढे त्याच मार्गाने जागृतीकडून निद्रेकडे होणारा प्रवास कागदावर पाहता येऊ लागला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जागृत माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे ८ ते १३ तरंग उठतात. गुंगी आली की ते विरतात व ४ ते ७ आवर्तनांचे संथ तरंग त्यांची जागा घेतात. स्नायूंचा ताणही सैल पडत जातो. या वेळी जागृतीचा कारभार पुरता आटोपलेला नसतो आणि निद्रेचा अंमल पुरता बसलेला नसतो. अशा दुअमली कारभारात मेंदूच्या देठातून एखादी चुकार प्रेरणा पाठीच्या कण्यातून खाली धावते व स्नायू एकदम आकुंचन पावतात, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. झाडावर निजणाऱ्या आदिपूर्वजांना सावध करणारी ही जुनी खोड होय, असेही कोणी म्हणतात. कल्पना मनोरंजक खरी, पण तिला पुरावा नाही.

झटक्याबरोबर पुष्कळदा कड्यावरून कोसळल्याचे स्वप्न पडते. मग स्वप्नामुळे झटका बसतो, की झटक्यामुळे स्वप्न रचले जाते? गुंगीतील दृश्यांना १८४८ साली शास्त्रीय नाव देणारा फ्रेंच पंडित आल्फ्रेद मोरी याचा अनुभव येथे उद्‌बोधक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या न्यायासनापुढे आपण उभे आहोत, देहदंड ठरला आहे, गिलोटिनचे पाते मानेवर उतरत आहे, असे त्याला दिसले. जागा होऊन पाहतो तो पलंगाचा एक भाग निखळून मानेवर पडलेला! स्मरणाने या कथेत थोडी भर घातलीही असेल. तथापि शरीराला झालेल्या स्पर्शाभोवती निद्रिस्त मन तत्काळ कथा गुंफते, हे तिच्यावरून ध्यानात येते. कड्यावरून पडण्याचे स्वप्नही कदाचित असेच, झटक्याच्या मागून धावत येत असावे.

जागरण, मानसिक चिंता, रात्री उशिरा घेतलेला चहा वा कॉफी, निजण्यापूर्वीचा कठोर व्यायाम यांनी हे झटके वाढतात. ती कारणे दूर केली की बहुधा कमी होतात. त्यांना औषध लागत नाही. मात्र सकाळी उठल्यावर हात झटकून पेला खाली पडत असेल, झोपेत जीभ चावली जात असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर ती गोष्ट निराळी; तेथे वैद्यकीय तपासणीस विलंब करू नये.