घरी बसून कार्यालयातील संगणक चालविताना

संगणक जिथे ठेवला आहे तिथेच बसून काम करावे लागते, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर आरक्षणाचे तिकीट काढणाऱ्याने याच्या उलट गोष्ट पाहिलेली आहे. खिडकीतील बाबूसमोर पडदा आणि कळफलक असतो. जागांची नोंद मात्र दूरच्या केंद्रातील यंत्रात होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील रेल्वेची ही केंद्रे १९९९ साली एकमेकांस जोडली गेली. घरून कार्यालयाचा संगणक चालविणे हे याच जातीचे काम होय.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईकडे नोकरीस असलेली आपली मुले-मुली तुमसर, पवनी, लाखांदूरकडे घरी परतली आणि हा विषय घराघरांत आला. तत्पूर्वी कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना कर्मचाऱ्यास घरून काम देण्यासाठी दूरसंचार विभागाकडे सुरक्षा ठेव भरावी लागे. १३ मार्च २०२० रोजी ही अट शिथिल झाली व ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी घरून काम करण्याचा मार्ग मोकळा केला. सरकारी अडचण गेली, परंतु कार्यालयाची परवानगी आजही लागतेच. ती न घेता कार्यालयाच्या यंत्रात परस्पर एखादी प्रणाली बसवून येणे म्हणजे नोकरी धोक्यात घालणे आहे.

आता हे चालते कसे ते पाहू. आपण घरी कळ दाबली की तेवढा संदेश कार्यालयातील संगणकाकडे जातो. काम तिथेच होते आणि पडद्यावर जे बदलले त्याचे चित्र आपल्याकडे येते. फाईल जागची हलत नाही. त्यामुळे घरचा संगणक जुना असला तरी भागते; इंटरनेट फार वेगवान नसले तरी चालते, पण ते अडखळणारे नसावे.

आपल्याकडे वीज जाण्याचा प्रश्न मोठा, आणि येथेच या पद्धतीचा खरा फायदा दिसतो. घरची वीज गेली तरी कार्यालयातील यंत्र चालूच असते. वीज आल्यावर पुन्हा जोडणी केली की अर्धवट पत्र जसेच्या तसे समोर येते. उलट, काम संपवताना घाईत तिकडील संगणकच बंद केला, तर दुसऱ्या दिवशी तिथल्या शिपायाला फोन करून बटण दाबायला सांगावे लागते! म्हणून फक्त जोडणी तोडावी.

विंडोजमध्ये ही सोय 'रिमोट डेस्कटॉप' या नावाने मिळते. घरगुती 'होम' आवृत्तीच्या संगणकावरून दुसरा संगणक पाहता येतो, पण त्या संगणकात बाहेरून येऊ देण्याची सोय तिच्यात नाही. कार्यालयात 'प्रो' आवृत्ती लागते. तिचे ठरलेले द्वार क्रमांक ३३८९. ते सरळ इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे रस्त्यावरचे दार सताड उघडे टाकून झोपणे. मे २०१९ मध्ये या सोयीत 'ब्लूकीप' नावाचा दोष सापडला. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने बंद केलेल्या एक्स्पी आवृत्तीसाठीही दुरुस्ती दिली. यासाठी कार्यालये व्हीपीएन वापरतात. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी, आतले काही बाहेर दिसू न देणारी नळी. प्रथम तिच्यातून आत जावे, मग संगणकाशी जोडावे. पासवर्डसोबत मोबाईलवर येणारा क्रमांक मागितला जात असेल तर त्याचा कंटाळा करू नये.

हेच साधन चोराच्याही कामी येते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही स्वतः वाईट नाहीत. दूरचा कारागीर त्यांच्याद्वारे संगणक दुरुस्त करतो. परंतु "बँकेतून बोलतो, एवढे ॲप घ्या आणि नऊ आकडी क्रमांक सांगा" असे कोणी म्हटले, की समजावे तो आपला मोबाईल स्वतःच्या हातात मागत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. क्रमांक सांगून झालाच असेल तर लाजून गप्प बसू नये. आधी इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे आणि लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ते अडविता येतात.